पालकांची सही

आजीने ओले बोट इस्त्रीच्या बुडाला लावले. चर्र झाले, तशी तिने चौकटीवाल्या सरांचा शर्ट फळीवर पालथा टाकला आणि सुनेकडे न बघता म्हणाली,

"घरचा अभ्यास बंद झाला ना, तर पोरं माकडं होतील."

"होऊ देत," सून काउंटरवरून म्हणाली. तिच्या ओठांत तीन टाचण्या होत्या, तरी बोलणे अडत नव्हते. "माकडं निदान पाठ टेकून झोपतात. माझी पोरगी वहीवर झोपते."

"आम्हाला कोणी वही दिली असती तर आम्हीही झोपून दाखवलं असतं."

"तुम्हाला दिली नाही, म्हणून दोघींची वही तिच्या बोडक्यावर घालायची का?"

आजीने शर्टाची पाठ दाबून घेतली. या शर्टांचा तिला राग येई आणि ते दुसऱ्या कोणाच्या हाती देववतही नसत. नातीला गणित शिकवणारे सर बारा महिने तेरा काळ चौकटीचेच शर्ट घालत. दर गुरुवारी शाळेचा म्हातारा शिपाई सात शर्टांचा गठ्ठा दुकानात टाकून जाई आणि शुक्रवारी घेऊन जाई. साध्या शर्टाची घडी दोन दोरे वाकडी गेली तर कोणाला कळत नाही; चौकटीच्या शर्टाची गेली की रेघच बोंब मारते. आधी कॉलर, मग कफ, बाह्या, खांद्याची पट्टी, पाठ, आणि पुढचा भाग सगळ्यात शेवटी. समोरच्या लाँड्रीत नुसती कॉलर आणि पुढचे दाबून देत. कोटाखाली कोण बघतो, असे त्यांचे म्हणणे. आजी त्यांना इस्त्रीवाले म्हणत नसे, कॉलरवाले म्हणे.

तिने घडीच्या आत पुठ्ठा सरकवला, म्हणजे शर्ट ताठ राहतो. पुठ्ठे गिऱ्हाइकाने पुढच्या खेपेला परत करायचे, असा दुकानाचा जुना रिवाज होता.

कपड्यांवरच्या खुणेच्या शाईच्या बाटलीखाली शाळेची चिठ्ठी दाबून ठेवली होती. चिठ्ठी छापील होती: घरचा अभ्यास असावा की नसावा, यावर शनिवारी चार वाजता पालकांची सभा. छापील मजकुराखाली पेनाने आणखी दोन ओळी होत्या. आपला पाल्य गणिताच्या तिन्ही चाचण्यांत अनुत्तीर्ण आहे. सोमवारपासून मागच्या तुकडीत बसावे.

मागची तुकडी म्हणजे शाळेच्या मागे, नळांच्या शेजारची खोली. अर्धा दिवस शाळा, आणि दोन वर्षांनी दाखला हातात. त्या खोलीतून पुन्हा पुढच्या वर्गात आलेले पोर गल्लीत कोणी पाहिले नव्हते. कोणी बेकरीत लागले, कोणी गॅरेजात. आजीच्या दुकानात भिंतीला दुसरी फळी मिटवून लावलेली होती. आजीची सासू गेल्यापासून ती कोणी उघडली नव्हती. चिठ्ठी आली त्या दिवशी सुनेची नजर एकदा त्या फळीकडे गेली, आणि आजीने ती नजर पकडली.

"तिकडे बघायचं नाही," आजी म्हणाली होती. ती अकराव्या वर्षी, या घरात सून म्हणून आली तेव्हाच, त्या फळीशी उभी राहिली होती. उंची पुरेना म्हणून पायाखाली साबणाचे खोके.

पाचच्या सुमारास नात आली. विचार करताना कपाळाला चुणी पडते म्हणून घरात तिला चुणीच म्हणत. तिने दप्तर कपड्यांच्या ढिगावर टाकले आणि सवयीने वही काढून आजीपुढे धरली. शाळेने प्रत्येक पानाच्या तळाशी एक चौकट छापली होती. त्यात 'पालकांची सही' असे लिहिलेले.

आजीने चष्मा लावला. वही दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरली. नजर ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, मग खालच्या ओळीवर आणली. मधेच एकदा 'हं' म्हणाली. पान वाचायला जेवढा वेळ लागावा तेवढा गेल्यावर तिने पेन मागितले आणि चौकटीत लिहिले, पाहिले. त्याखाली नाव. एका कफाला लागतो तेवढा वेळ त्या सहीला लागे, आणि तेवढा वेळ दुकानात कोणी बोललेले तिला चालत नसे.

अक्षर तिला छप्पन्नाव्या वर्षी आले. त्याच शाळेत संध्याकाळी मोठ्यांचा वर्ग भरे. तिथे एक तरुण बाई शिकवायला येत. छापील अक्षर आजीशी बरे वागे. पाट्या, औषधाच्या बाटल्या, कपड्यांवरच्या चिठ्ठ्या ती वाचायची. पण चुणीचे अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. ते वाचायचे तर बोट लावावे लागणार, ओठ हलणार, अडखळायला होणार. नातीसमोर अडखळायचे नव्हते. म्हणून ती अक्षर सरळ आहे का, पान भरले आहे का, आणि सरांची लाल खूण आहे का, एवढे बघायची. खूण दिसली की तिला बरे वाटे. साहेबाने पसंत केलेल्या कपड्यासारखे.

"किती खुणा झाल्या?" तिने विचारले.

"चौऱ्याऐंशी."

"चौऱ्याऐंशी," आजी सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "आणि म्हणे नापास. शनिवारी बघतेच मी त्यांच्याकडे."

"तुम्ही सभेत बोलणार?" सुनेने टाचण्या तोंडातून काढल्या. "अभ्यास हवा म्हणून?"

"हवाच. आणि चौऱ्याऐंशी खुणा देऊन पोरीला मागे टाकता कसे, ते पण विचारणार."

"मी बंद करा म्हणून बोलणार आहे. एका घरातून दोन तोंडं. लोकांना फुकटचा तमाशा."

"मग तू गप्प बस."

"बसते ना. तशी मी चौदा वर्षं गप्पच बसलेय." सून गठ्ठा बांधू लागली. गाठ मारताना तिने दोरी एवढी ओढली की कचकन तुटली.

शुक्रवारी संध्याकाळी सून आणि चुणी कपडे पोचवायला गेल्या, तेव्हा आजी मागच्या खोलीत वही घेऊन बसली. सभेत एक पान मोठ्याने वाचून दाखवायचे, असे तिने ठरवले होते. अडखळायचे ते इथेच अडखळून घ्यावे, म्हणजे तिथे होणार नाही. सगळ्यात नीटनेटके होते ते पहिलेच पान तिने निवडले आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवले.

अ-पू-र्णां-कां-ची. बेरीज. करताना. छेद. समान. करावा.

तिला घाम आला. नियम सहा वेळा लिहून आणायचा होता. दुसरी ओळ तीच, तिसरी तीच. चौथ्या ओळीपासून तिला गंमत वाटू लागली, कारण शब्द ओळखीचे झाले होते. सहावी ओळ तिने एका दमात म्हटली. मग सातव्या ओळीवर तसाच धाव घेतलेला आवाज एकदम अडला.

सर. छेद समान. का करायचा ते मला. कळलं नाही. परत सांगाल का?

अक्षर तेच, तिरकेपणा तोच. लांबून बघितले तर सातव्यांदा लिहिलेला नियमच वाटावा. त्याखाली बेरजा, आणि त्याखाली लाल खूण.

तिने पान उलटले. आता ती थेट सातव्या ओळीवर गेली. सर, छेदाचं अजून कळलं नाही. लाल खूण. पुढचे पान. सर, कालची शंका राहिली. लाल खूण. अशी अकरा पाने. बाराव्या पानावर सातवी ओळ नव्हतीच. सहा वेळा नियम, मग बेरजा. पुढे शेवटपर्यंत तसेच.

चुणी परत आली तेव्हा आजी खोलीच्या दारातच उभी होती.

"हे काय लिहिलंस?"

"शंका."

"शंका तोंडाने विचारायची असते."

"वर्गात हात वर केला की सर म्हणतात, आत्ता वेळ नाही, वहीत लिहा, मी बघतो. मी सातव्या ओळीत लिहायचे. म्हणजे त्यांना सापडायला सोपं."

"मग?"

"मग काही नाही." चुणीने चप्पल एकावर एक ठेवल्या. "वह्या उघड्या करून एकावर एक द्यायच्या असतात. सर कोपरा उचलतात, खूण करतात, पुढचा कोपरा उचलतात. मी एकदा घड्याळ बघितलं होतं. साठ वह्या. चार मिनिटं."

 आजीने वही छातीशी धरली, जशी ती कधी कोणाचे महागाचे कापड धरायची.

"कॉलरवाले," ती शेवटी म्हणाली.

शनिवारी सभा ज्या खोलीत होती, तिथेच आजी अक्षर शिकली होती. बाके तीच होती. गुडघे आत जात नव्हते, म्हणून ती आडवी बसली. सून तिच्या शेजारी बसली नाही. एक बाक सोडून मागे बसली. फळ्याजवळ शाळेच्या मोठ्या बाई होत्या आणि त्यांच्या बाजूला चौकटीवाले सर. निळी चौकट, कोट काढून खुर्चीवर टाकलेला. सर फळा पुसायला वळले तेव्हा आजीला त्यांच्या पाठीवरची घडी दिसली, खांद्यापासून कमरेपर्यंत सरळ. आपल्याच हाताचे काम आपल्याकडे पाठ करून उभे आहे, असे तिला वाटले.

बेकरीवाल्याने सुरुवात केली. त्याचा आवाज भट्टीसमोर ओरडून ओरडून कायमचा मोठा झालेला होता.

"पोरं सहा तास शाळेत. वर तीन तास घरी. मी गिऱ्हाइकाला अर्धा कच्चा ब्रेड देतो आणि सांगतो, उरलेला घरी भाजून घ्या. चालेल?"

लोक हसले. सर हसले नाहीत.

"गणित घरीच भाजावं लागतं," ते म्हणाले. "सरावाशिवाय येत नाही. मी तेवीस वर्षं शिकवतोय. पोरं नापास होतात ती अभ्यासामुळे नाही. घरी त्यांच्याकडे बघायला कोणी नसतं, म्हणून होतात."

"मी बघते," आजी म्हणाली.

ती उठली तेव्हा बाक तिच्याबरोबर थोडे उचलले गेले आणि धप्पदिशी खाली आले. ती फळ्यापर्यंत गेली. तिने वही उघडली, पहिल्या शब्दाखाली बोट ठेवले आणि वाचायला लागली. नियम सहा वेळा वाचला. तिसऱ्या वेळेला मागे कोणी तरी खोकले, पाचव्या वेळेला मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिले. आजी थांबली नाही. सातवी ओळ तिने नियमाच्याच आवाजात वाचली.

"सर, छेद समान का करायचा ते मला कळलं नाही. परत सांगाल का?"

 आजीने पान उलटले आणि पुढची वाचली. मग पुढची. अकराव्या पानानंतर ती म्हणाली,

"खाली तुमची खूण आहे, सर. सगळीकडे आहे."

बेकरीवाला पुढे येऊन वहीत डोकावला. "आणि हे काय? अर्धा अधिक एकतृतीयांश बरोबर दोनपंचमांश?" त्याने बोटांवर काही तरी जुळवले. "अर्ध्या ब्रेडला आणखी तिसरा हिस्सा जोडला, आणि झाला अर्ध्याहून कमी? मधला कोणी खाल्ला?"

या वेळचे हसणे वेगळे होते. सरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी वही हातात घेतली, मागची दोन पाने बघितली, पुढची दोन बघितली. त्यांच्या डोळ्यांखाली काळे होते. आजीला ते आत्ताच दिसले, आणि ते दिसायला नको होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मी वाचलं नाही. दोन वर्ग माझ्याकडे. एकशेवीस वह्या, रोज. माझी खूण म्हणजे वही आली, एवढंच."

"मग तसं लिहा ना. बरोबरची खूण कशाला करता?"

सरांनी वही तिच्याकडे वळवली आणि पानाच्या तळाशी बोट ठेवले.

"या चौकटीत काय लिहिलंय, आजी?"

आजीने बघितले. वाचण्याची गरज नव्हती.

"वाचा ना. आत्ता इतकं चांगलं वाचलंत."

"पाहिले."

"आणि खाली सही कोणाची?"

"माझी."

"सगळीकडे आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज वर गेला नव्हता. "वाचलं होतंत?"

 आजीचे बोट अजून सातव्या ओळीवर होते. तिने ते उचलले आणि पदराला पुसले, शाई लागल्यासारखे.

"नाही."

"मला एकशेवीस पोरं आहेत, आजी. तुम्हाला एक."

मागच्या बाकाचा आवाज झाला. सून उभी राहिली होती.

"सही माझ्या सासूबाईंची आहे," ती म्हणाली. "त्यांच्याशी काय भांडायचं ते मी घरी भांडेन, ते आमचं आम्ही बघू. तुम्ही तुमच्या खुणेचं बोला."

सरांऐवजी मोठ्या बाई बोलल्या. त्या बराच वेळ बोलल्या आणि त्यातून एवढे निघाले की घरचा अभ्यास चालू राहील, शंकांसाठी वेगळी वही करता येईल का याचा विचार होईल, आणि तुकड्यांचा निर्णय झालेला असल्यामुळे तो बदलता येणार नाही.

चुणी बाहेर नळाजवळ थांबली होती. खिडक्या उघड्या होत्या. तिने सगळे ऐकले होते. तिघी निघाल्या, चुणी मधे. बेकरीचा कोपरा आला.

"तू वाचत नव्हतीस?" चुणीने विचारले.

"नाही."

"मग चष्मा?"

"लावायचे."

"आणि 'हं' म्हणायचीस ते?"

आजीने सुनेकडे बघितले. सून समोर बघत चालत होती.

"मला वाटायचं तू वाचलंस आणि काही बोलली नाहीस," चुणी म्हणाली. "मला वाटलं, हे विचारायचंच नसतं. म्हणून मी बंद केलं."

तिने आजीच्या हातातली वही काढून घेतली आणि आईच्या दुसऱ्या बाजूला जाऊन चालू लागली.

सोमवारी कळले की मागच्या तुकडीला घरचा अभ्यासच देत नाहीत. सुनेला हवे होते ते मिळाले. चुणी दीडच्या ठोक्याला घरी येई, हात पाय धुई आणि काय करायचे ते न कळून ढिगाजवळ उभी राही. मंगळवारी तिने रुमालांच्या घड्या घालायला घेतल्या. बुधवारी सुनेने तिला शाबासकी दिली नाही, रागावलीही नाही. नुसती बघत राहिली. घड्या सुबक होत्या. कोपऱ्याला कोपरा. आजीला ते बघवत नव्हते. आजीशी चुणी लागेल तेवढेच बोले. पाणी हवंय का, दोरी कुठंय.

गुरुवारी शिपाई सात शर्ट टाकून गेला.

"आज कॉलर आणि पुढचं," सून म्हणाली. "पाठ तशीच सोडा. कोट घालतो तो मेला. आत कोण बघतंय?"

आजीने ओले बोट इस्त्रीला लावले आणि पहिला शर्ट पालथा टाकला. कॉलर, कफ, बाह्या, खांद्याची पट्टी, पाठ. पाठीवर ती जास्तच थांबली. शेवटी पुढचा भाग. सातही शर्ट झाल्यावर तिने घड्या घातल्या नाहीत. सात पुठ्ठे काउंटरवर मांडले, खुणेच्या शाईची बाटली उघडली आणि काडी बुडवली.

सुनेने हातातले काम खाली ठेवले. काडी पुठ्ठ्यावर टेकली, उचलली गेली, पुन्हा टेकली. सही सोडून आजीने असे कधी काही लिहिले नव्हते. सर, छेद समान का करायचा ते मला कळलं नाही. परत सांगाल का? खाली तिने एक चौकट आखली. चौकट तिरकी झाली. तिच्यात काही लिहिले नाही, रिकामी ठेवली.

"गिऱ्हाईक जाईल," सून म्हणाली.

"जाऊ दे."

"शाळेतले सगळेच जातील. मोठ्या बाईंच्या साड्या पण येतात आपल्याकडे."

"तू दुसरा पुठ्ठा धर. हलतोय."

सुनेने जीभ टाळ्याला लावून 'च्च' केले आणि पुठ्ठा दोन्ही हातांनी दाबून धरला. सात पुठ्ठे लिहायला दुपार गेली. शाई वाळल्यावर एकेक पुठ्ठा एकेका शर्टात गेला. अक्षरे छातीकडच्या बाजूला.

पुढच्या गुरुवारी शिपाई आला. सात शर्ट आणि पुठ्ठ्यांची चळत. सुनेने पुठ्ठे बोटाने वेगळे केले.

"सहाच आहेत."

"मला दिले तेवढे आणले," शिपाई म्हणाला आणि गेला.

आजीने चष्मा लावला. सहाही पुठ्ठे तिने एकेक करून वाचले, ओळ वाचली, मग खालची चौकट बघितली. सहाही चौकटी रिकाम्या होत्या. कुठेही खूण नव्हती, शिवी नव्हती. सातव्यावरही हीच ओळ होती, त्यामुळे कोणता राहिला हे कळायला मार्ग नव्हता.

"एक खाल्ला," सून म्हणाली.

चुणी ढिगाजवळ बसून रुमाल घडी करत होती. आजीने तिच्या हातातला रुमाल काढून घेतला.

"वही आण."

"आम्हाला अभ्यास नसतो."

"जुनी आण. चौऱ्याऐंशी पानं वाचायची राहिलीत माझी."

चुणी बराच वेळ उठली नाही. मग उठली, वही आणली आणि आजीच्या हातात न देता फळीवर ठेवली. आजीने पहिले पान काढले आणि बोट लावले. ओठ हलले. सभेत सरळ म्हटलेल्या 'अपूर्णांकांची' या शब्दावर ती चुणीसमोर अडली, मागे आली, पुन्हा अडली. चुणीला शब्द माहीत होता. तिने सांगितला नाही. आजीनेही मागितला नाही. तिसऱ्या खेपेला शब्द तोंडातून निघाला.

सातव्या ओळीपर्यंत यायला इस्त्री निम्मी गार झाली.

"छेद समान का करायचा?" आजीने वाचले आणि मान वर केली. "मला नाही माहीत. हे खाली काय आहे?"

"अर्धा."

"आणि हे?"

"तिसरा हिस्सा."

आजीने रुमाल फळीवर पसरला. त्याची मधोमध घडी घातली आणि इस्त्री दाबली. उलगडला. मग दुसऱ्या बाजूने त्याच्या तीन सारख्या घड्या घातल्या, सत्तावन्न वर्षे घालत आली होती तशा, न मोजता, आणि पुन्हा दाबली. उलगडला. पांढऱ्या रुमालावर रेघा उभ्या राहिल्या, एक अशी, दोन तशा.

"चौकटीचा शर्ट झाला," सून काउंटरवरून म्हणाली.

"मोज," आजी म्हणाली.

चुणीने बोट न लावता मोजले. "सहा."

"सगळ्या सारख्या आहेत?"

"आहेत."

"अर्ध्यात किती आल्या? आणि तिसऱ्या हिश्श्यात किती? मला विचारू नकोस, मला गणित येत नाही. घडी येते."

चुणी रुमालाकडे बघत राहिली. तिच्या कपाळाला चुणी पडली, गेली, पुन्हा पडली. तिने रुमालाचा अर्धा भाग हाताने झाकला. मग हात काढून तिसरा हिस्सा झाकला. तिचे ओठ हलत होते: तीन, आणि दोन.

एकदम तिने वही ओढली, पेन्सिल घेतली आणि लाल खुणेच्या वर उरलेल्या एवढ्याशा जागेत काही तरी लिहिले. मग वही फिरवून आजीपुढे सरकवली.

"सही."

आजीने पेन घेतले नाही. चष्मा नाकावर वर सारला आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवले.

"थांब," ती म्हणाली. "वाचू दे."